टँकरच्या पाण्यात चार डिटर्जंट: धुण्याच्या पावडरीच्या शोधाच्या नोंदी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

पुण्यात बाणेरला राहायला आल्यापासून, म्हणजे सुमारे दीड वर्षापासून, घरातले पांढरे कपडे हळूहळू राखाडी होत चालले आहेत. या काळात आम्ही तीनदा पावडर बदलली आणि प्रत्येक वेळी आधीच्या पावडरीला दोष दिला. या वेळी मात्र नीट मोजमाप करून निवड करायची असे ठरवले आहे. असाच प्रश्न असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून झालेल्या चुकांसकट सर्व लिहून ठेवत आहे.

धुलाई यंत्र सात किलोचे, वरून कपडे घालायचे, पाणी तापवण्याची सोय नसलेले आहे आणि ते ड्राय बाल्कनीत आहे. बाजारातून चार प्रकार आणले. पहिली स्वस्त पावडर, किलोला ७५ रुपये. दुसरी मध्यम, १४० रुपये. तिसरी महाग, २३० रुपये, वरून भरायच्या यंत्रासाठीची. चौथे द्रवरूप डिटर्जंट, दोन लिटरला ४०० रुपये. पुढे यांना अ, ब, क, ड असे म्हणतो. नावे मुद्दाम देत नाही, कारण पाणी बदलले की निकाल बदलतो, हे पुढच्या नोंदींत दिसेलच.

पहिला धक्का स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने दिला. पावडर मोजायला आम्ही एकच प्लॅस्टिकचे भांडे वापरतो. मी, पत्नी आणि कामाला येणाऱ्या मावशी अशा तिघांना मी "नेहमीएवढी" पावडर काढायला सांगितली, तर वजने अनुक्रमे ४८, ७१ आणि ९५ ग्रॅम भरली. म्हणजे दीड वर्ष आम्ही पावडरींची तुलना करत होतो असे नाहीच. ती तुलना तीन हातांची होती. मावशींचे म्हणणे स्पष्ट होते: "दादा, फेस आला नाही तर मळ निघेल कसा?"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पाणी तपासण्यात संध्याकाळ फुकट गेली. शुद्धीकरण यंत्र दुरुस्त करणाऱ्याने दिलेले पेनासारखे टीडीएस मीटर घरात होते. त्यावर आकडा आला ६९०, आणि तोच पाण्याचा जडपणा समजून मी सगळे हिशेब मांडून ठेवले. नंतर लक्षात आले की हे मीटर पाण्यात विरघळलेल्या सर्वच क्षारांचा अंदाज देते, त्यात साधे मीठही आले. पाणी जड करतात आणि धुण्याच्या आड येतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते किती आहेत हे या आकड्यावरून कळत नाही. हिशेबाचा कागद फाडून टाकला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात पाण्याचा जडपणा मोजण्याचा संच मिळतो, हे शेजाऱ्यांकडून कळले. किंमत ४८० रुपये. छोट्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि त्यात द्रावणाचा एकेक थेंब टाकत हलवत राहायचे. पाणी आधी नारिंगी होते आणि एका थेंबाला एकदम हिरवे होते. तोवर लागलेल्या प्रत्येक थेंबामागे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम जडपणा धरायचा.

स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला महापालिकेचे पाणी स्वतंत्र नळीने येते. ते चार थेंबांत हिरवे झाले, म्हणजे साधारण ७२. ड्राय बाल्कनीतल्या नळाला गच्चीवरच्या टाकीचे पाणी येते, ज्यात टँकर आणि बोअर दोन्ही मिसळलेले असते. तिथे सतराव्या थेंबापर्यंत काहीच झाले नाही, विसाव्यापर्यंतही नाही, आणि पंचविसाव्या थेंबाला रंग पालटला. म्हणजे सुमारे ४४७. थेंब मोजताना मुलगा शेजारी उभा होता; त्याने विज्ञानाच्या पुस्तकातला "दुष्फेन पाणी" हा शब्द ऐकवला. पेपरापुरता पाठ केलेला तो शब्द आमच्याच नळातून दीड वर्ष येत होता.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. त्यामुळे आमच्या टाकीच्या पाण्याबद्दल सोसायटीकडे तक्रार करायला जागा नाही. पण कपड्यांचा हिशेब वेगळा असतो. महापालिकेचे, खडकवासला धरणातले पाणी हे सह्याद्रीवरून वाहून आलेले पावसाचे पाणी, तर बोअरचे पाणी खडकात मुरून क्षार घेऊन वर येते. नारायण पेठेत आईकडे हीच क पावडर मूठभर टाकली तरी बादली फेसाने भरते, याचे कारण आता कळले.

रविवार, १६ फेब्रुवारी

दोन मीटर कोरा मांजरपाट आणला, १६० रुपये. खळ जावी म्हणून तो आधी साध्या गरम पाण्यातून दोनदा काढला आणि त्याचे वीतभर चौकोन कापले. प्रत्येकावर चार डाग घातले: हळद घातलेले वरण, चहा, लोणच्याचे तेल आणि कुंडीतली लाल माती. रात्रभर वाळू दिले. चार बादल्यांत टाकीचे पाच पाच लिटर पाणी घेतले, पाकिटावर सांगितलेल्या मात्रेचा दहावा हिस्सा घातला, अर्धा तास भिजवून काठीने साठ वेळा घुसळले आणि दोनदा खळबळले.

प्रयोग वाया गेला. कोणता चौकोन कोणत्या बादलीतला, हे मी बॉलपेनने कोपऱ्यात लिहिले होते आणि चारांपैकी तीन खुणा धुऊन गेल्या. आईला फोनवर सांगितले तर म्हणाली, "अरे, बिब्ब्याची खूण करायची! परीट काय वेडे होते का?" बिब्ब्याची खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही हे खरे, पण त्याचा चीक कातडीला लागला की फोड उठतात. म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके घालायचे ठरवले: लाल अ, निळा ब, हिरवा क, काळा ड. नवे चौकोन, नवे डाग. एक रविवार गेला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

टाक्यांची खूण टिकली. फेस सर्वांत जास्त अ पावडरीचा आला आणि डाग सर्वांत कमी तिनेच काढले. तिच्या चौकोनावर मातीसुद्धा तपकिरी सावलीसारखी राहिली. लोणच्याच्या तेलावर ड सर्वांत चांगले ठरले. माती आणि चहा यांवर क पुढे होती, तरी चहाची कड दिसतच होती. ब मधल्या जागेवर राहिली.

हळदीने मात्र घाबरवले. चारही बादल्यांत हळदीचा डाग जाण्याऐवजी लालभडक झाला, आणि क्षणभर मला मांजरपाटाला काही रंग लागला असेच वाटले. अल्कलीत हळद लाल होते. कुंकू करताना हळदीला लाल रंग येतो तो याच गुणामुळे, आणि डिटर्जंटचे पाणी अल्कलीच असते. खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा झाला, पण गेला नाही. प्रत्येक चौकोनाचा हळदीचा डाग मधोमध कापून एक अर्धा गच्चीवर उन्हात टाकला आणि दुसरा कपाटात ठेवला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दोन दिवसांच्या उन्हात चारही अर्ध्या तुकड्यांवरची हळद जवळजवळ नाहीशी झाली. कपाटातले अर्धे तुकडे तसेच पिवळे आहेत. म्हणजे हळदीच्या बाबतीत चारही डिटर्जंट सारखेच असमर्थ आहेत आणि खरे काम ऊन करते. चौकोनांना मी दहापैकी गुण देत होतो; त्यांतून हळदीचा डाग वगळला. वरणाचा डाग पडला की महागडी पावडर आणायची, ही आमच्या घरातली समजूतही त्याबरोबर गेली. पावसाळ्यात काय करायचे हा प्रश्न उरतोच.

गुण देताना आणखी एक घोटाळा झाला. खिडकीशी धरले की क चा चौकोन इतका पांढरा दिसायचा की मी त्याला दहापैकी नऊ देऊन बसलो. रात्री दिव्याखाली पाहिले तर चहाची कड ठसठशीत दिसत होती. नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी आणून अंधारात फिरवली, तेव्हा क आणि ड चे चौकोन निळसर चमकले, ब चा थोडा चमकला, आणि न धुतलेला मांजरपाट काळपटच राहिला. पावडरीत घातलेले शुभ्रकारक रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे कपड्याचा पिवळेपणा झाकला जातो. जुन्या निळीचेही काम काहीसे असेच. डोळ्यांना बरे वाटते यात गैर काही नाही, पण मळ निघाला की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही. यापुढे गुण रात्रीच, घरातल्या दिव्याखाली देणार.

रविवार, २ मार्च

मांजरपाटावरचा डाग आणि रोजचा मळ यांत फरक असतो. घाम, अंगाचे तेल आणि धूळ यांचा थर मुद्दाम तयार करता येत नाही. म्हणून मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यांचा आधार घेतला: एकाच जोडीतला डावा मोजा एका पावडरीत आणि उजवा दुसरीत. दोन्ही पायांचा मळ सारखाच असल्याने यापेक्षा निष्पक्ष परीक्षा मला सुचली नाही. अ विरुद्ध क चे चार दिवस झाल्यावर मुलाने तक्रार केली की त्याचे दोन मोजे दोन रंगांचे दिसतात आणि मित्र विचारतात. तुलनेचा निकाल त्याहून स्पष्ट शब्दांत मिळाला नसता. डावा, अ मधला, टाचेपाशी राखाडी होता.

आजची चूक माझी एकट्याची. क मध्ये विकरे (एन्झाइम) आहेत असे पाकिटावर लिहिले आहे, म्हणून शर्टाच्या कॉलर भिजवताना "आणखी चांगले होईल" या हिशेबाने पातेल्यातले उकळते पाणी थेट पावडरीवर ओतले. तासाभराने कॉलर जशीच्या तशी. विकरे ही प्रथिनेच असतात. अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर जसा थिजतो तशी तीही उकळत्या पाण्यात निकामी होतात. दुपारी दुसरा शर्ट घेऊन हाताला सोसेल इतक्या, साधारण ४० अंशांच्या, पाण्यात तासभर भिजवला आणि कॉलरवरची काळी रेघ बोटाने चोळताच सुटली. दूध किंवा रक्ताचा डाग असेल तर गरम पाणी मुळीच नको, कारण ते प्रथिन धाग्यातच घट्ट बसते. तो आधी थंड पाण्यात काढावा. रेशीम आणि लोकर हीही प्रथिनेच, म्हणून असल्या पावडरीपासून ती दूर ठेवावीत.

सोमवार, ३ मार्च

क परवडत नाही, म्हणून अ मध्ये धुण्याचा सोडा घालून पाहायचे ठरवले. किलोला ६० रुपये. दर धुण्याला ३० ग्रॅम. पाण्यातले कॅल्शियम सोड्याबरोबर साका होऊन बाजूला पडेल आणि पावडर मळाकडे लक्ष देऊ शकेल, हा विचार. पहिल्याच दिवशी फेस भरपूर आला, मावशी खूश झाल्या आणि कॉलरही बऱ्या निघाल्या. प्रश्न सुटला असे मी त्या संध्याकाळी पत्नीला सांगितलेही.

रविवार, १६ मार्च

प्रश्न सुटलेला नव्हता. तेरा दिवसांत टॉवेल पापडासारखे कडक झाले. दांडीवरून काढला की घडीच्या जागी उभा राहतो. काळ्या कुर्त्यावर धुरकट झाक आली, जी ओल्या हाताने पुसली तर जाते आणि वाळली की परत दिसते. साका पाण्यातून बाजूला पडतो हे खरे, पण तो यंत्राच्या तळाशी जाऊन बसत नाही. कपड्यांच्या धाग्यांत अडकतो. आमच्या इतक्या जड पाण्यात तो साका बराच होता.

खात्री करण्यासाठी सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतात तेच, चमचाभर थोड्या पाण्यात विरघळवून टॉवेलच्या कडेवर थेंब सोडले. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू आली आणि तिथे मोहरीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले. म्हणजे टॉवेलमध्ये अक्षरशः चुनखडी होती. वीस लिटरच्या बादलीत १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून सात टॉवेल रात्रभर बुडवले. सकाळी पाणी गढूळ पांढरे झाले होते, आणि दोनदा खळबळून वाळवल्यावर टॉवेल पुन्हा टॉवेलसारखे झाले. २५० ग्रॅमचे पाकीट ९० रुपयांना मिळाले. एक सावधगिरी: ज्या बादलीत क्लोरीनचे ब्लीच असेल तिच्यात ॲसिड कधीही घालू नये, विषारी वायू निघतो.

पत्नीने सुचवलेला खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याचा उपाय केला नाही. दोघे एकमेकांना संपवतात आणि मागे उरते ते खारट पाणी.

गुरुवार, २० मार्च

काल रंगपंचमी. मुलाचा पांढरा सदरा ऑक्सिजन देणाऱ्या ब्लीचच्या पावडरीत, अर्धा किलो २६० रुपये, गिझरच्या पाण्यात चार तास ठेवला. गुलाबी गेला, हिरवा राहिला. सदरा पुढच्या वर्षीच्या रंगपंचमीसाठी बाजूला ठेवला. मात्र याच पाण्यात टाकलेल्या जुन्या चहाच्या चौकोनाची कड पूर्ण गेली, हे नोंदवण्यासारखे आहे.

रविवार, २३ मार्च

पावडर बदलून जे होईना ते पाणी बदलून होते का, हे पाहायला खरे तर पहिल्याच आठवड्यात हवे होते. स्वयंपाकघरातल्या महापालिकेच्या नळाचे पाणी बादल्यांनी ड्राय बाल्कनीत नेले आणि चार चौकोनांची परीक्षा पुन्हा केली, या वेळी सगळ्यांना कमी, म्हणजे पाच लिटरला चार ग्रॅम मात्रा देऊन.

निकाल पाहून मी बराच वेळ दोन चौकोन दिव्याखाली उलटेपालटे करत बसलो. ब आणि क यांच्यात मातीवर काहीही फरक नव्हता, तेलावर किंचित, आणि चहावर थोडा. टाकीच्या पाण्यात ६ ग्रॅम क ने जे केले होते ते इथे ४ ग्रॅम ब ने केले. म्हणजे क साठी मोजलेल्या जास्तीच्या पैशांतला मोठा भाग पाण्यातला क्षार हाताळण्यात खर्च होत होता. अ मात्र या पाण्यातही मागेच राहिली; ती आता फरशी पुसायला.

मोज्यांनीही हेच सांगितले. ब विरुद्ध क, महापालिकेचे पाणी, पाच दिवस. डावा कोणता आणि उजवा कोणता हे पत्नीला ओळखता आले नाही, आणि दोऱ्याचा टाका पाहिल्याशिवाय मलाही नाही.

बुधवार, २६ मार्च

यंत्रासाठी बादल्या वाहणे दोन दिवसांतच कंबरेने नाकारले. प्लंबरला बोलावून स्वयंपाकघरातल्या नळीतून ड्राय बाल्कनीत एक फाटा काढून घेतला आणि त्याला वेगळी तोटी बसवली, म्हणजे यंत्राची नळी हवी तेव्हा बदलता येते. नळीसह ८५० रुपये. यंत्राच्या पाणी घेण्याच्या तोंडाशी असलेली जाळी त्याने काढून दाखवली, तर निम्मी पांढऱ्या खड्यांनी बुजलेली होती. पाणी भरायला इतका वेळ का लागतो म्हणून गेल्या वर्षी यंत्र दुरुस्त करणाऱ्याला मी चारशे रुपये दिले होते; त्याने ही जाळी उघडलीच नव्हती.

अडचण अशी की महापालिकेचे पाणी आमच्याकडे सकाळी ठरावीक वेळच येते आणि दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे असले की पुण्यात बहुधा गुरुवारच निवडला जातो. त्यामुळे धुणे संध्याकाळचे सकाळी आणावे लागले, आणि गुरुवारी शक्यतो यंत्र लावायचेच नाही. लावावेच लागले तर टाकीच्या पाण्यात क पावडर ७५ ग्रॅम.

गडद कपडे ड मध्येच धुतो. थंडीच्या दिवसांत, झटपट धुण्याच्या आवर्तनावर पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या पँटवर पांढरे पट्टे राहतात. द्रवाचा तो त्रास नाही. पावडरच वापरायची असेल तर आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवून मग ओतावी.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढीला लावलेले रेशमी वस्त्र कशात धुवायचे असे आईला विचारले, तर तिने रिठे भिजत घालून ठेवले होते. ते वस्त्र तिने माझ्या हातात दिले नाही.

रविवार, ६ एप्रिल

एकूण खर्च: जडपणाचा संच ४८०, मांजरपाट १६०, चार डिटर्जंट ८४५, सोडा ६०, सायट्रिक ॲसिड ९०, ऑक्सिजनचे ब्लीच २६०, प्लंबर ८५०. एकंदर २,७४५ रुपये आणि आठ आठवडे, त्यांतले दोन माझ्या सोड्यापायी गेले. आधी मावशींच्या हाताने ९५ ग्रॅम क म्हणजे दर धुण्याला २१ रुपये ८५ पैसे पडत होते. आता ४० ग्रॅम ब म्हणजे ५ रुपये ६० पैसे. आठवड्याला पाच वेळा यंत्र लागते, तेव्हा संचाचे आणि प्लंबरचे पैसे चार महिन्यांच्या आत वसूल होतील.

संच नसताना मी कोणालाही पावडर सुचवणार नाही. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी काल विचारले, तेव्हा त्यांना आधी एका बाटलीत पाणी आणायला सांगितले. त्यांच्याकडे अकरा थेंब लागले, म्हणजे आमच्या दोन्ही नळांच्या मधले काहीतरी. त्यांना ब ची थोडी पावडर बांधून दिली आणि मोजे वेगवेगळे धुवायला सांगितले. बघू.

राहिला प्रश्न हाताचा. वजनकाट्यावर ४० ग्रॅम ब मोजून भांड्यात ओतली आणि जिथे ती टेकली तिथे नखांना लावायच्या लाल रंगाने रेघ मारली. मावशींना दाखवले, त्यांनी मान डोलावली. मंगळवारी पाहिले तर पावडर रेघेच्या वर बोटभर होती. बुधवारीही तेवढीच. गुरुवारी यंत्र बंद असताना ती रेघ खरवडून काढली आणि बोटभर खाली नवी मारली. शुक्रवारी काट्यावर वजन केले: ४१ ग्रॅम.